जिभाऊंची उडी

कॉलनीत कुणी जिभाऊंचा विषय काढला की मी चपला शोधायला लागतो. चपला पायात असल्या तरी शोधतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला जुन्या मित्राची आठवण सोसत नाही. मीही त्यांना बरीच वर्षं तसं वाटू दिलं. ज्यांच्या भीतीने गप्प बसलो, त्यांतलं आता कुणी राहिलेलं नाही. त्यामुळे आज तोंड उघडण्यात शौर्य काहीच नाही, हे मला कळतं. तरी लिहितो. जिभाऊंच्या ज्या गोष्टी आमच्याकडे अजून सांगतात त्या सगळ्या विनोदी आहेत, आणि एक सोडून सगळ्या खऱ्या आहेत. ती एक माझ्यामुळे खोटी झाली.

जिभाऊ मूळचे सटाण्याकडच्या नामपूरचे, बोली अहिराणी. आम्ही दोघं एकाच सरकारी कचेरीत कारकून, टेबलाला टेबल लागून, आणि नाशिक रोडच्या एकाच कॉलनीत घराला घर लागून. सकाळी बसला बरोबर, संध्याकाळी बसला बरोबर. माणूस अंगाने एवढा मोठा, की बसच्या दोघांच्या बाकावर ते बसले की मी उभा. वर म्हणायचे, "बठ ना भो, जागा शे की!" अहिराणीत अहो-जाहो नसतं असं त्यांचं म्हणणं होतं, आणि त्या आधारावर ते कचेरीच्या मोठ्या साहेबांनाही 'तू' म्हणत. साहेब आधी लाल झाले, मग त्यांना सवय झाली, आणि त्यांची बदली झाली तेव्हा निरोप समारंभात म्हणाले, "मला या जिल्ह्यात एकाच माणसाने घरच्यासारखं वागवलं."

जिभाऊंना एकच खोड होती. कुणी कुणाला मारताना दिसलं की ते मध्ये पडायचे. थांबून विचार करणं, कोण चूक कोण बरोबर बघणं, असली भानगड नाही. "नुसतं दखत ऱ्हावानं नही भो!" म्हणजे नुसतं बघत राहायचं नाही. हे त्यांचं घोषवाक्य. ते उच्चारलं की दुसरी गोष्ट व्हायची. ते डोळ्यांवरचा चष्मा काढायचे, जवळ जो उभा असेल त्याच्या हातात द्यायचे, म्हणायचे, "चष्मा धर," आणि घुसायचे. एकदा अशाच भांडणात त्यांचा चष्मा फुटला होता, तेव्हापासूनची ही खबरदारी. आता त्यांच्या चष्म्याचा नंबर असा, की तो काढला की समोरचा माणूस आणि सिमेंटचं पोतं यांत त्यांना फरक करता यायचा नाही. म्हणजे संकट दिसायचं चष्म्यातून आणि निवारण चालायचं चष्म्याविना. त्यांच्या सगळ्या फजित्यांचं मूळ इथे आहे.

भाजीबाजारात एकदा एक बाई एका माणसाला मेथीच्या जुडीने झोडपत होती. जिभाऊंनी चष्मा माझ्या हातात दिला आणि जाऊन तिचे दोन्ही हात धरले. ती किंचाळली. मार खाणाऱ्याने जिभाऊंची कॉलर धरली.

"ए, बाईला हात लावतो? माझी बायको आहे ती!"

"अरे, ती तुले मारी राह्यनी ना!"

"मग? माझी बायको मला नाही मारणार तर काय तुला मारेल?"

त्यावर बाईने, नवऱ्याला चूक ठरवायला म्हणून की काय, उरलेली मेथी जिभाऊंच्या डोक्यावर संपवली. बसमध्ये मी त्यांच्या केसांतली पानं काढत होतो. ते प्रसन्न होते. म्हणाले, "दखं का अण्णा, पाच मिनिटांत समेट व्हयना दोघांचा."

कचेरीच्या स्नेहसंमेलनातला प्रकार तर आमच्या खात्यात दंतकथा होऊन बसलाय. नाटकात खलनायक आमचे हेडक्लार्क आणि नायिका भांडारातले जोशी. जोशी नऊवारीत असे दिसत होते, की त्यांच्या बायकोनेही त्यांना ओळखलं नाही. दुसऱ्या अंकात हेडक्लार्कनी जोशींचा हात पिरगळला आणि जोशींनी किंकाळी फोडली. माझ्या शेजारून आवाज आला, "चष्मा धर."

मी म्हणालो, "जिभाऊ, नाटक आहे!"

"माहीत शे. पण जरा जास्ती करी राह्यना तो."

जिभाऊ रंगमंचावर चढले आणि चष्मा नसल्यामुळे त्यांनी जोशींनाच उचलून विंगेत नेऊन ठेवलं. नायिका गेल्यामुळे खलनायकाला करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा त्याने प्रेक्षकांना नमस्कार केला. टाळ्या थांबेनात. उत्कृष्ट सहकलाकाराचं बक्षीस त्या वर्षी जिभाऊंना मिळालं. ती स्टीलची ताटली त्यांच्या घरी भिंतीवर टांगलेली होती.

गावच्या यात्रेतल्या कुस्तीत ते असेच आखाड्यात उतरले. खालच्या पैलवानाचा जीव चाललाय असं त्यांना वाटलं होतं. दोन्ही पैलवानांनी डाव सोडला, एकाने पाय धरले, एकाने खांदे, आणि जिभाऊंना उचलून शेजारच्या बैलगाडीत नेऊन ठेवलं. मग जाऊन पुन्हा कुस्ती सुरू केली. जिभाऊ हे सांगताना स्वतःच इतके हसायचे, की शेवट आम्हालाच पुरा करावा लागे.

लोक त्यांना हसत, तेही हसत. फक्त एकदा, कचेरीच्या गच्चीवर डबा खाताना, ते म्हणाले होते, "अण्णा, एकदा तरी बरोबर ठिकाणी उडी पडाले पाहिजे. नाही तं लोक म्हणतीन, याले नुसती खाज व्हती."

ती उडी बरोबर पडली. ती माझ्यासाठी होती.

नाशिकची रंगपंचमी बाहेरच्यांना समजावून सांगावी लागते. जुन्या गावात दगडी बांधकामाचे खोल हौद आहेत, त्यांना रहाड म्हणतात. वर्षभर ते बुजवलेले असतात, त्यावरून रहदारी चालते. रंगपंचमीला उघडतात, पूजा करतात, फुलांचा उकळलेला रंग ओततात आणि माणसं आत उड्या मारतात. उडी म्हणजे सूर नव्हे. अंग आखडून असं पडायचं की पाणी काठावरच्यांना भिजवून गेलं पाहिजे. त्याला धप्पा म्हणतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. आमच्या सासुरवाडीच्या भागातल्या रहाडीचा पिवळा. आत जाऊन आलेला माणूस केसांपासून नखांपर्यंत पिवळा होतो. बाप लेकाला ओळखत नाही, आणि तो रंग काही दिवस उतरत नाही.

माझे मेहुणे सुधाकरराव, म्हणजे माझ्या बायकोचे, कुसुमचे थोरले भाऊ, त्या भागातलं बडं प्रस्थ. मंडप-डेकोरेशनचा धंदा, बुलंद आवाज आणि काळेभोर केस. केस इतके काळे होते, की मी आदल्या दिवशी भरल्या पंगतीत म्हणालो, "सुधाकररावांना उद्या रहाडीत उतरायची गरज नाही, ते बाराही महिने रंगपंचमी खेळतात." पंगत लोळली. सुधाकरराव हसले नाहीत. माझ्या मात्र ते लक्षात राहिलं नाही. स्वतःचा विनोद जमला की माणूस आंधळा होतो.

दुसऱ्या दिवशी मी जिभाऊंना रहाड दाखवायला घेऊन गेलो. काठावर रेटारेटी होती. सुधाकरराव मागून आले, माझ्या कानाशी म्हणाले, "काय जावईबुवा, रंगाची फार आवड ना तुम्हाला?" आणि मला घेऊनच आत पडले. मला पोहता येत नाही. पहिल्यांदा बुडवलं तेव्हा मी हसत वर आलो. दुसऱ्यांदा खोकत आलो. तिसऱ्यांदा हात जोडले. चौथ्यांदा त्यांनी मानेवर हात आणि पाठीत गुडघा दिला, आणि मी वर आलोच नाही. वर ढोल वाजत होता, तो खाली पाण्यात पोटात वाजल्यासारखा वाटत होता. मी पाणी प्यायलो. नाकातोंडात गेलं. मग ढोलही ऐकू येईना.

सुधाकररावांना मला मारायचं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना फक्त थांबता आलं नाही. पण मी मरत होतो, हे मला जितकं नक्की माहीत आहे तितकं दुसरं काही माहीत नाही.

काठावर कुसुम उभी होती. तिने मला नंतर सांगितलं, की त्या पिवळ्यात मी कुठे ते तिला कळत नव्हतं; तेवढ्यात तिच्या हातात अचानक एक चष्मा आला आणि पाठोपाठ नामपूरचा तो डोंगर हवेत गेला. असा धप्पा त्या रहाडीने कधी पाहिला नसेल. समोरच्या घराच्या ओट्यावर बसलेली म्हातारी माणसंसुद्धा भिजली. जिभाऊ पडले ते नेमके सुधाकररावांच्या खांद्यावर. खांद्याजवळचं हाड मोडलं. माझी मान त्यांच्या हातातून सुटली. जिभाऊंनी मला केसांना धरून वर ओढलं, पायरीवर पालथं घातलं आणि पाठीत असे दणके दिले, की ते खाण्यापेक्षा बुडणं बरं असं वाटावं.

"निघनं रे भो! पिवळं पाणी निघनं!" ते ओरडत होते आणि लहान पोरासारखे नाचत होते. "वाचना! अण्णा वाचला!"

मी डोळे उघडले तर सगळं पिवळं. जिभाऊ पिवळे, कुसुम शिंतोड्यांनी पिवळी, विव्हळणारे सुधाकरराव पिवळे. दवाखान्यात हाड बांधणाऱ्या नव्या डॉक्टरांनी आमची सगळी रांग पाहून आधी काविळीची चौकशी केली.

पोलिसांनी प्रकरण हसून सोडलं. रंगपंचमीला लागतंच, म्हणाले. पण सुधाकररावांचा तो लग्नाचा हंगाम गेला होता, आणि भर गावात त्यांच्यावर एक माणूस पडला होता. हे दुसरं त्यांना जास्त लागलं. त्यांनी दिवाणी कोर्टात जिभाऊंवर नुकसानभरपाईचा दावा लावला. म्हणणं साधं होतं: सणाचा खेळ चालला होता, कुणी बुडत नव्हतं, या माणसाने विनाकारण अंगावर उडी मारून मला जायबंदी केलं.

जिभाऊंचं म्हणणं त्याहून साधं होतं. एक माणूस बुडत होता, त्याला सोडवलं. दुसऱ्याचा जीव वाचवायला बळ वापरलं तर कायदा ते समजून घेतो, असं त्यांच्या वकिलाने त्यांना सांगितलं होतं. फक्त तो जीव खरोखर जात होता हे दाखवावं लागतं. जिभाऊ खूश झाले. "मग काय शे? अण्णा सांगी ना!"

चार वर्षांनी साक्षी सुरू झाल्या आणि कोर्टाची करमणूक झाली. रहाडीतले पाच-सहा जण आले. प्रत्येकाला एकच प्रश्न: कुणाचं डोकं पाण्याखाली होतं? प्रत्येकाचं एकच उत्तर: साहेब, सगळे पिवळे होते. एकाने तर शपथेवर सांगितलं, की त्याने स्वतःच्या भावाला मित्र समजून बुडवलं आणि मित्राला भाऊ समजून घरी नेलं. न्यायाधीशांनी तोंडावर रुमाल धरला.

मग जिभाऊ उभे राहिले. समोरच्या वकिलाने विचारलं, "उडी मारताना चष्मा होता?"

"नव्हता. तो अण्णाच्या बायकोकडे दिला."

"चष्म्याशिवाय तुम्हाला किती लांबचं दिसतं?"

जिभाऊंनी हात लांब केला, आणि मग प्रामाणिकपणे कोपरातून निम्मा मागे घेतला. सगळे हसले. जिभाऊही हसले.

"सगळे एका रंगाचे. तुम्हाला दिसत नाही. मग कुणी बुडतंय हे कसं कळलं?"

"चष्मा काढायच्या आधी मी हात दखा," जिभाऊ म्हणाले. "खेळणाऱ्याचा हात पाणी उडावस. बुडणाऱ्याचा हात काही तरी धराले दखस. तो हात धराले दखी राह्यना व्हता."

न्यायाधीशांनी रुमाल खाली घेतला. त्यांनी विचारलं, "तो हात कुणाचा होता, हे सांगणारं कुणी आहे?"

जिभाऊंनी वळून माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा, की जणू बक्षिसासाठी नाव पुकारलंय.

आमच्या मुलीचं लग्न त्या वेळी पंधरा दिवसांवर आलं होतं. स्थळ सुधाकररावांनी आणलेलं, मुलाकडच्यांची बोलणी त्यांच्या शब्दावर झालेली, मंडप त्यांचा. त्यांनी मला धमकी दिली नव्हती. आदल्या संध्याकाळी घरी येऊन एवढंच म्हणाले, "भाचीच्या लग्नात मामा अंतरपाट धरायला हवा की नको, ते तुम्ही ठरवा." कुसुम ते ऐकत होती. ते गेल्यावर ती मला म्हणाली, "माझा भाऊ मी बघून घेईन. तुम्ही खरं तेच सांगा." म्हणजे मला तिचीही सबब देता येत नाही.

मी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि म्हणालो, "मी रहाडीत होतो. मेहुण्यांनी मला गमतीने एक-दोनदा बुडवलं. जिभाऊंनी उडी मारली तेव्हा मी कडेला आलो होतो. ते डोकं माझं नव्हतं."

जिभाऊंच्या वकिलाने तोच प्रश्न फिरवून तीनदा विचारला. मी तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा तर छान जमलं.

जिभाऊ चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. समोरचा माणूस तोच आहे ना, याची खात्री केल्यासारखं.

रिक्षात कुसुमने विचारलं, "काय सांगितलंत?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने जिभाऊंच्या घरी गुळाच्या सांजोऱ्यांचा डबा दिला. आमच्यात भांडं रिकामं परत करत नाहीत. जिभाऊंच्या बायकोने त्याच डब्यातून खापरावरचे मांडे पाठवले. मी माझ्या ताटातले मुलीच्या ताटात सरकवले. ते मुलीने आवडीने खाल्ले. तिचं लग्न थाटात झालं. मामाने अंतरपाट धरला. जिभाऊ जोडीने आले, पोटभर जेवले, आणि वाढप्याला ओरडणाऱ्या एका पाहुण्याकडे बघून नुसते उभे राहिले. "नुसतं दखत ऱ्हावानं नही" असं काही म्हणाले नाहीत.

निकाल जिभाऊंच्या विरुद्ध लागला. रक्कम त्यांनी भागवली, कशी ते मी विचारलं नाही. पण निकालात दाव्यातला तो शब्द आला होता: प्रतिवादीने विनाकारण उडी मारली. कचेरीला तो शब्द फार आवडला. "काय विनाकारण, चहा घेणार?" "विनाकारण आले का रे आज?" जिभाऊ त्यालाही ओ द्यायचे. "आलो ना भो!" म्हणून हसायचे. मी शेजारच्या टेबलावर मान खाली घालून बसायचो, आणि एकदा, फक्त एकदा, सगळे हसत होते म्हणून मीही हसलो.

निवृत्तीनंतर ते नामपूरला गेले. पुढे बऱ्याच वर्षांनी, सुधाकरराव वारले आणि त्यांच्या पाठोपाठ कुसुमही गेली तेव्हा, मी एका सकाळी एसटीत बसलो. वाटेत वाक्य जुळवत होतो. सटाण्यापर्यंत ते वाक्य लांबलचक होतं, नामपूर येईपर्यंत अगदी लहान झालं.

जिभाऊ मला कांद्याच्या बाजाराशी भेटले. अंग उतरलं होतं, आवाज नाही. "अरे, अण्णा वना! अण्णा आला!" म्हणून त्यांनी मला मिठी मारली आणि हातगाडीवर भजी खाऊ घातली. आजूबाजूच्या प्रत्येकाला सांगत सुटले, "हाऊ मना नाशिकना दोस्त. एका टेबलवर बठायचो आम्ही." मी तोंड उघडलं की ते भजं पुढे करायचे.

तेवढ्यात दोन टेम्पोवाल्यांची जुंपली. गाडी मागे घेण्यावरून. एकाने दुसऱ्याची गचांडी धरली. जिभाऊ उठले. मी सवयीने हात पुढे केला, पण चष्मा आला नाही. जिभाऊ टेम्पोंकडे गेलेच नाहीत. त्यांनी लोकांकडे तोंड केलं.

"हा त्याले मारी राह्यना, दखाई राह्यनं ना सगळ्यासले? मग मी मध्ये पडू का? कोण कोण साक्ष देई? हात वर करा!"

लोक खदखदून हसले आणि हात वर झाले. बाजाराचा हा नेहमीचा खेळ असावा. भज्यांवाल्याने झारा वर केला. एका हमालाने दोन्ही हात वर केले, तर जिभाऊ म्हणाले, "एका माणसाची एकच साक्ष, भामट्या!" टेम्पोवालेही भांडण सोडून बघायला लागले आणि हसायला लागले. मीही हात वर केला. माझ्या मानाने फार वर केला.

जिभाऊ बोट फिरवत मोजत आले. भज्यांवाला, हमाल, मापाडी. बोट माझ्याशी आलं. थांबलं नाही. माझ्यावरून पुढच्या माणसाकडे गेलं.

मग जणू आत्ताच आठवल्यासारखं ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तू ऱ्हाऊ दे अण्णा. तुनी यष्टी चुकी जाई." आवाजात राग नव्हता. खरंच काळजी होती.

एसटी आलीच होती. गर्दी उसळली. मला धक्के खाऊ देतील तर ते जिभाऊ कसले. त्यांनी खांद्यावरचं उपरणं खिडकीतून आत टाकून जागा धरली, माणसं बाजूला सारून मला दारात चढवलं. मी जागेवर बसलो, उपरणं खिडकीतून परत दिलं आणि त्यांचा हात धरला. म्हणालो, "जिभाऊ, ऐका, एक सांगायचंय."

"बोल ना भो!"

कंडक्टरने दोनदा घंटी मारली. गाडी सुटली. ते दोन पावलं खिडकीबरोबर चालले, कानामागे हात धरून, तोंडभर हसत. मग माझ्या हातातून त्यांचा हात सुटला आणि धुळीत ते मागे राहिले, उपरणं हलवत.

त्यानंतर वर्षभरात ते गेल्याचं कळलं.

सटाण्यापासून लहान करत आणलेलं ते वाक्य एवढंच होतं: जिभाऊ, ते डोकं माझं होतं, मला माफ करा.